मानमोडीचा नकाशा

सन एकोणीसशे अठरा, ऑक्टोबर सरत आलेला. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती आणि शरदातले ऊन चैत्रासारखे पोळत होते.

"...आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला हा ताप कसा पोहोचला?" उद्धवनाथ महाराजांनी विचारले.

"जहाजांनी, महाराज," नीलकंठ म्हणाला.

मठाच्या भिंतीवर त्याने जगाचा नकाशा टांगला होता. महाराजांचा शिष्य होण्यापूर्वी तो शाळेत भूगोल शिकवीत असे. मानमोडीच्या तापाने त्या साली देशोदेशी माणसे पटापट मरत होती. ताप जिथे पोहोचल्याचे कळे, तिथे नीलकंठ गेरूचे बोट टेकवी. बातमीसाठी तो रेल्वे स्टेशनापर्यंत पायपीट करून वर्तमानपत्र आणी, आणि संध्याकाळी कीर्तनाला बसावे तसे कारवाडी गाव त्याच्यापुढे बसे.

"स्पेन, फ्रान्स, आफ्रिकेचा पश्चिम किनारा, अमेरिका..." त्याचे बोट समुद्र ओलांडत सरसर फिरले. "फौजांची जहाजं जिथे लागली, तिथे ताप उतरला. मग मुंबई. मुंबईहून आगगाडीनं घाट चढून वर."

"जहाजाला ते ठाऊक होतं?"

"जहाजाला कसं ठाऊक असणार, महाराज!" नीलकंठ हसला.

महाराज हसले नाहीत.

"आणि आपल्या कारवाडीत?"

"ते तर मागेच सांगितलं सर्वांना." मुंबईपासून ओढलेली एक बारीक रेघ त्याने दाखवली. "ठकूनं आणला."

ठकू ही गावचीच लेक. नवरा मुंबईला गिरणीत होता. तो तापात गेला, तशी ती लहानग्या मुलीला घेऊन दसऱ्याच्या आदल्या दिवशी माहेरच्या ओस घरात परतली. नीलकंठाने रेघ ओढली आणि गावाने तिला विहीर बंद केली. मुलगी तापाने फणफणत होती. ठकू तिला नदीच्या डबक्यातले गढूळ पाणी फडक्यातून गाळून पाजत होती.

"गावात आधी कोण पडलं?"

"कुंभारांची म्हातारी. मग पाटलांची धाकटी सून. मग कासारांकडचे भाऊ. त्यानंतर देशपांड्यांच्या..."

नीलकंठ थांबला.

महाराज उठले. खुंटीवरची मधुकरीची झोळी काढून त्यांनी त्याच्या हातात ठेवली.

रोज सकाळी तो याच दारांपुढे, याच ओळीने, भिक्षेसाठी उभा राहत असे.

"म्हातारी कधी गेली?"

"...घटस्थापनेला."

"तेव्हा ठकू कुठे होती?"

"मुंबईत."

"आणि तुला ताप?"

"त्याच्या आधी, महाराज. स्टेशनावरून आलो आणि अंगात कणकण भरली. अंगावरच काढली. मधुकरी चुकवायची नाही, असा नेम..."

"नेम मी दिला होता," महाराज म्हणाले. "रेघ कुणी ओढली?"

रेघ ओढताना ती कणकण नीलकंठाला आठवली नव्हती का? आठवली होती. तिच्याकडे त्याने पाहिले नव्हते, इतकेच.

धनत्रयोदशीच्या सकाळी तो विहिरीवर गेला. ठकू रिकामी घागर कमरेवर घेऊन कडुनिंबापलीकडे उभी होती.

"ताप मी आणला," नीलकंठ सर्वांदेखत म्हणाला. "ठकूनं नाही."

क्षणभर रहाटाची कुरकुर थांबली. मग पाटील हात जोडून पुढे आले.

"काय हे मास्तरबुवा! दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेता? असं मन पाहिजे, बघा!"

आणि ते त्याच्या पाया पडले. त्यांच्यामागून बायका पडल्या. म्हातारी आई गेल्याने पोरका झालेला कुंभारांचा रावजीही पडला.

नीलकंठ मठात परतला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. त्याने सारे सांगितले.

"पाया पडले?"

"मी नको नको म्हणत होतो, महाराज."

"किती वेळ? आणि ठकूची घागर भरली?"

नीलकंठ विहिरीवरून परत निघाला तेव्हा कडुनिंबाकडे त्याने वळूनही पाहिले नव्हते.

महाराजांनी डोळे मिटून घेतले. ते पुन्हा उघडेपर्यंत थांबण्याचे धैर्य नीलकंठाला झाले नाही.

दिवेलागणीला तो पुन्हा विहिरीवर गेला. ठकू रिकामी घागर घेऊन कडुनिंबापलीकडेच उभी होती. कुणीतरी वाकू लागले, तसा तो मागे सरला.

"पाप अंगावर घेतलेलं नाही. माझंच आहे. घटस्थापनेच्या आधी मला ताप होता. तो घेऊन मी तुमच्या दारात उभा राहिलो. कुंभारांकडे, पाटलांकडे, कासारांकडे... ठकू तेव्हा गावात नव्हती. हे मला ठाऊक होतं, आणि मी रेघ ओढली."

या वेळी पाटलांनी नुसती पगडी सारखी केली आणि ते चालू लागले.

रावजी मात्र जवळ आला.

"त्या दिवशी आईनं तुम्हाला गरम भाकरी वाढली होती, बुवा. म्हणाली, मास्तरांचा आवाज बसलाय, आज निवलेलं नको..."

तो वळला, पोहरा विहिरीत सोडला, आणि कुणाकडेही न पाहता त्याने ठकूची घागर काठोकाठ भरली. कुणी त्याला अडवले नाही.

घागर डोक्यावर घेऊन ठकू नीलकंठापाशी थांबली.

"मास्तरबुवा, तुमच्या त्या नकाशात माझं घर केवढं हो दिसतं?"

"...दिसत नाही, बाई. इतकं लहान काही त्यात दिसत नाही."

"तरी बरोबर सापडलं तुम्हाला."

ती झपाझप घराकडे गेली. मुलगी तहानलेली होती.

नीलकंठ मठात आला आणि दाराशीच उभा राहिला. घरोघरच्या पणत्या गावात एकेक करून लागत होत्या. आत पाऊल टाकायची त्याला लाज वाटत होती.

"आज कुणी पाया पडलं?"

"नाही, महाराज."

"आणि मधुकरी?"

"उद्यापासून दारात येऊ नका म्हणाले."

महाराजांनी आपल्या शेजारची चटई हाताने झटकली.

"ये. बैस इथे. आता सांग, जगात काय चाललंय?"