कवितेला बोळे

धवलसेन महाराजांच्या कवितेला मनापासून माना डोलावणारे अख्ख्या राज्यात चाळीसच लोक होते, आणि ते सगळे त्यांच्याच तांब्याच्या कारखान्यात कामाला होते. कविता सुरू झाली की दरबाऱ्यांना खोकला येई, राणीसाहेबांचे डोके दुखू लागे. तांबट मात्र शेवटच्या ओळीपर्यंत डोलत राहत. आता हातोडा खाली आला की तांबटाची मान हलतेच, जन्माची सवय ती. पण महाराजांना हे सांगणार कोण?

त्या दिवशी महाराज स्वतःच्या शौर्यावरचे एकशे आठ श्लोक घेऊन कारखान्यात आले. देवळाच्या महाप्रसादासाठी भलामोठा हंडा ठोकणे चालू होते. श्लोक संपले, ठोके थांबले. "कसं वाटलं?" महाराजांनी विचारले. कोणी उत्तरच देईना. प्रधानांनी जवळ जाऊन पाहिले, तर चाळीसच्या चाळीस जणांच्या कानांत कापसाचे बोळे!

"माझ्या कवितेला बोळे?" महाराज लालबुंद झाले. उभ्या उभ्या हुकूम सुटला: महाराजांची कविता चालू असताना जो कान झाकेल, त्याला राज्याबाहेर काढावे. आणि कविता आता रोज होणार होती.

हा हुकूम शिदूबा तांबटाच्या मुळावर आला. हंड्याच्या आत बसून ठोक्यांना आधार द्यायचे काम त्याचे. तीस वर्षांत डावा कान कामातून गेला होता, उजवा बोळ्याच्या जिवावर टिकून होता. लेक ठकू भाकरी घेऊन आली की उजव्या बाजूला बसून त्याला गावच्या बातम्या सांगायची. बापाशी बोलायची तेवढीच वाट उरली होती. ठकू तडक दरबारात गेली.

"महाराज, बोळे काढले तर आप्पांचा उरलेला कानही जाईल. ते बोळे तुमच्या कवितेला नव्हते, ठोक्यांना होते."

"आवाजानं कान जातो म्हणे! रक्त नाही, ओरखडा नाही. उद्या मला ती इजा डोळ्यांपुढे दाखव. नाही दाखवलीस, तर तू आणि तुझा बाप, दोघं राज्याबाहेर."

दरबार खदखदून हसला. ठकू म्हणाली, "दाखवते की. पण ती आप्पांच्या जागेवरूनच दिसते. महाराजांनी तिथं बसावं, पन्नास ठोके फक्त."

दुसऱ्या दिवशी महाराज शिडीवरून मुकुटासकट हंड्यात उतरले. राणीसाहेब मुद्दाम बघायला आल्या होत्या. ठकू काठाशी उभी राहिली आणि तिने खूण केली. पहिल्या ठोक्याला महाराजांच्या मिशा थरथरल्या. तिसऱ्याला मुकुट गडगडत खाली गेला. पाचव्याला महाराजांनी दोन्ही कानांत बोटे खुपसली, ती पन्नासावा ठोका पडेपर्यंत काढली नाहीत.

चौघांनी मिळून त्यांना वर काढले.

"हे भुंगे कोणी सोडले?" महाराज ओरडले.

"भुंगे नाहीत, महाराज," प्रधान म्हणाले.

"मोठ्यानं बोल!"

घटकाभराने भुंगे जरा शांत झाले, तेव्हा ठकूने विचारले, "महाराज, कानांत बोटं का घातलीत?"

"मग काय करू? जीव जायची वेळ आली होती!"

"म्हणजे इजा दिसली."

"दिसली बाई, दिसली."

"आता एवढंच सांगा, ठोके चालू असताना मी काय करत होते?"

"तुझे ओठ हलत होते. काय बोलत होतीस कोण जाणे."

"तुमचीच शौर्याची कविता म्हणत होते, महाराज. कविता चालू होती आणि तुम्ही कान झाकलेत. हुकमाप्रमाणे आता राज्याबाहेर जायला हवं. गाडी जुंपायला सांगू, की चालत निघता?"

प्रधान आपल्या जोड्यांकडे बघू लागले. महाराजांनी डोळे वटारले, मिशी चावली, आणि मग पोट धरून इतके हसले की पुन्हा हंड्यात पडता पडता वाचले. "मीच बाहेर गेलो तर हुकूम मोडायला मागं कोण राहील? मोडला हुकूम! राजवाड्यातल्या गाद्या उसवा, शिदूबाला पहिला कापूस द्या. आणि या पोरीला सोन्याच्या पाटल्या. यापुढं कविता ठोके थांबवूनच म्हणेन, म्हणजे सर्वांना नीट ऐकू येईल."

चाळीस तोंडे एकदम उतरली.

"नको महाराज," ठकू घाईघाईने म्हणाली, "ठोके चालू असतानाच म्हणा. एरवी इतक्या माना एका तालात कुठं डोलायच्या?"

महाराज खूश होऊन पुन्हा हसले. तेवढ्यात राणीसाहेबांनी दासीकडून हळूच निरोप धाडला: गाद्या उसवताय तर दोन बोळे इकडेही द्या.