मुसक्या बांधलेला कळप

काशीत ब्रह्मदत्त राजा गादीवर होता, त्या काळी बोधिसत्त्व एका धनगराच्या घरी जन्मला होता. एका हिवाळ्यात डोंगरावरचे गवत संपले, आणि मेंढ्या तर गाभण. म्हणून धाकटा भाऊ रोहक आणि कळप घेऊन तो नदीकाठच्या गावी उतरला. तिथे कुंडक नावाच्या शेतकऱ्याने चाऱ्यासाठी जव पेरले होते. बोलणे झाले ते सगळीकडे होते तेच. दिवसा मेंढ्यांनी चरावे आणि रात्री त्याच रानात बसावे, म्हणजे त्यांना चारा, रानाला खत.

पण मेंढ्या हिरव्यात शिरल्या तसे कुंडकाला वाटू लागले, कोणी आपल्याच ताटातले उचलते आहे. त्याच्या मनात आले, खत तर रात्रीच्या बसण्याचे. मग चरण्याची गरजच काय? मळणीच्या वेळी बैलांना घालतात तशा मुसक्या त्याने लहान मापाच्या वळल्या आणि सांगितले, रानात यायचे तर तोंडे बांधून.

रोहक काठी घेऊन उठला. बोधिसत्त्वाने त्याला हाताला धरून बसवले. दिवसभर तो स्वतः नदीपलीकडे बाभळीचा पाला पाडी, तेवढ्यावर मेंढ्या कशाबशा तग धरीत, आणि रात्री मुसक्या लावून रानात बसत.

कुंडक रोज सकाळी टोपली घेऊन लेंड्या वेचत वाकून फिरे. टोपलीचा तळही झाकेना. शेवटी त्याने चावडीवर तक्रार नेली की धनगर माझ्या लेंड्या चोरतो. भरपाईत मला गाभण मेंढ्या द्या.

पंचांनी विचारले तेव्हा बोधिसत्त्व कुंडकाकडे वळून सावकाश म्हणाला, “मालक, मी काही नेलं नाही. आत गेलंच नाही, ते बाहेर कुठून यावं?”

एक म्हातारे पंच हसता हसता खोकू लागले. पंचांनी निवाडा दिला की सगळे रान धनगराने फुकट चारून न्यावे, वर खतही देऊ नये. रोहक खूश झाला. कुंडक मान खाली घालून रिकाम्या टोपलीकडे पाहत राहिला.

बोधिसत्त्व म्हणाला, “नको. आमचं बोलणं झालंय तसंच राहू द्या. मेंढ्या याच्याच रानात बसतील.”

कुंडकाने स्वतःच्या हाताने मुसक्या सोडल्या. पहिलीच मेंढी त्याच्या तोंडावर शिंकली, आणि तो तोंड पुसून दुसरीकडे वळला. त्याच हिरव्यावर मेंढ्या व्यायल्या.

ही जुनी गोष्ट भिक्खूंना सांगून शास्ते भगवान म्हणाले, “भिक्खूंनो, तो कुंडक म्हणजे आज संघाचे तूप कोणाला न देता झाकून ठेवणारा हा कोठारी भिक्खू. रोहक म्हणजे त्याच्यावर रागावून माझ्याकडे आलेला हा तरुण. धनगर मीच होतो. जिंकल्यावरही दिला शब्द पाळावा, ही क्षमा.”

कोठारी भिक्खू उठला आणि तूप घेऊन आला.