श्वास खाणारी आज्ञा

एका राज्यात सिंहासन एक आणि बसणारी माणसे दोन, असा प्रकार होता. डाव्या अंगाला राणी ऋजुमती बसे, उजव्या अंगाला तिचा नवरा राजा सेतुवर्मा. राणी चांगली उंच, राजा जेमतेम तिच्या खांद्याला लागणारा. म्हणून त्याच्या बाजूला एक उशी ठेवलेली असे, आणि त्याबद्दल दरबारात कोणी ब्र काढत नसे. राजा समुद्रकाठच्या तळदेशाचा. तिथली माणसे बांध घालण्यात पटाईत आणि बोलण्यात भारी कंजूष. राणी मात्र याच राजवाड्यात जन्मलेली.

सिंहासन आधी तिच्या वडिलांचे होते. राजा चंडकेतू सुवर्णमठाचा भक्त. त्या मठात देवाशी बोलायचे ते मठाधिपतीमार्फत, आणि धर्मग्रंथ ऐकायचा तो त्याच्या गूढ भाषेत. लेकीचा पंथ निराळा. त्याला लोक निषेधी पंथ म्हणत. पांढऱ्या भिंतींचे प्रार्थनाघर, घरच्या भाषेतला ग्रंथ, आणि देव व माणूस यांच्या मध्ये कोणी नाही, एवढाच त्यांचा धर्म. चंडकेतूने ग्रंथ वाचणाऱ्यांना तुरुंगात घालायला सुरुवात केली, तेव्हा राज्यातल्या वडीलधाऱ्यांच्या महासभेने लेकीला आणि जावयाला बोलावणे धाडले. जावई फौज घेऊन आला. चंडकेतू लढला नाही. पळता पळता त्याने राजमुद्रा नदीत फेकली आणि नदीच्या मुखाशी वाऱ्याचे बेट होते तिथे जाऊन राहिला.

राणी राजवाड्यात शिरली त्या दिवशी सभेतले वडीलधारे तिला म्हणाले, "चेहरा हसरा ठेवावा. राणी रडवेली दिसली तर लोक म्हणतील, हिचे मन बापाकडे आहे."

राणीने ऐकले. दालनामागून दालन ती हसत फिरली. शेवटी वडिलांच्या शेजघरात आली, तर उशीवर त्यांची कानटोपी. वाऱ्याने वडिलांचा कान दुखे, म्हणून नऊ वर्षांच्या ऋजूने ती शिवली होती. एक बाजू लांब, एक आखूड. एवढा तापट राजा, पण ती वेडीवाकडी टोपी त्याने कधी टाकली नव्हती. राणीचे हसू तिथेच संपले. तिने टोपी पेटीत ठेवली आणि कोणाला काही सांगितले नाही.

मग राज्याभिषेक झाला. महासभेची अट अशी की दोघांनी शेजारी बसून एका सुरात 'आमची आज्ञा' म्हटले तरच आज्ञा खरी. मुकुट डोक्यावर टेकतात न टेकतात तोच खिडकीतून एक पत्र उडत आले. त्याची शाई बेटावरच्या करालक मायावीने उगाळलेली होती. वाचणाऱ्याच्या कानात लिहिणाऱ्याचा आवाज येई. दोघांनी वाचले, तो चंडकेतूचा आवाज आला.

"हसत हसत माझ्या घरात शिरलीस. तर ऐक. तुम्ही 'आमची आज्ञा' म्हणाल त्या प्रत्येक वेळी तुझ्या नवऱ्याचा ओंजळभर श्वास कमी होईल. माझी मुद्रा माझ्या हाती येईल आणि मी माझ्या तोंडाने शाप मागे घेईन, तेव्हाच तो सुटेल."

राजाने पत्राची घडी घालून कमरेला खोचली. "पहिली आज्ञा द्यायची आहे," तो म्हणाला.

दोघांनी आज्ञा दिली. तुरुंगातले सगळे ग्रंथवाचक मोकळे झाले आणि राजा पहिल्यांदा खोकला.

तेव्हापासून राणीच्या जिवाला घोर लागला. सकाळी कारकून कागद घेऊन आला की ती आधी ते मोजून पाही. राजाला जिने चढवेनात. मग राजा फौजेची पाहणी करायला गेला की राणी कागद चाळी, आणि जे टाळता येण्याजोगे वाटे ते गुपचूप त्याच्या उशीखाली सारून देई. आज एक, उद्या दोन. उशी वाढत गेली, राजा उंच होत गेला, आणि दरबारी मंडळींना वाटले की महाराजांना हवा मानवली!

एके दिवशी राजाचे डोळे राणीच्या डोळ्यांच्या रेषेत आले. तो थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग उठला आणि त्याने उशी उचलली. सगळ्यात वरच्या कागदावर लिहिले होते, 'पश्चिमेच्या बांधाला भेग पडली आहे. लाकूड द्यावे.' कागद चार दिवसांपूर्वीचा होता, आणि बांध आदल्या दिवशी फुटला होता. बांधाखालच्या नळवाडीची सात माणसे वाहून गेली होती.

"श्वास माझा होता, राणी," राजा म्हणाला. "तो राखायला तुम्ही त्यांचे घेतलेत."

राणीने मान खाली घातली. त्या दिवशी उशीखालचा एकूण एक कागद बाहेर निघाला आणि प्रत्येकावर आज्ञा झाली. संध्याकाळी राजवैद्याने राजाच्या छातीला कान लावला.

"आणखी एका आज्ञेपुरता श्वास आहे," तो म्हणाला.

आणि एक आज्ञा तर द्यायचीच होती. पौर्णिमेला समुद्राला उधाण येणार, त्याआधी दुसरा बांध घातला नाही तर सगळे पश्चिम खोरे बुडणार. पौर्णिमा सहा दिवसांवर आली होती.

राजवाड्याच्या घाटावर एक खंड्या पक्षी राही. माणसांसारखे बोले, पण माणसांपेक्षा तिखट. तो राणीला म्हणाला, "मुद्रा मधल्या डोहात आहे. जो हात घालतो त्याला नदी विचारते, तू कुणाचा? उत्तर पटले तर देते, नाही तर त्याची खोड काढते."

मुद्रा काढून वडिलांकडे पोचवायला राणीने आधी प्रधानाला पाठवले. नदीने विचारले, "तू कुणाचा?" तो म्हणाला, "राणीचा." नदी म्हणाली, "राणीला मी ओळखत नाही." प्रधान परत आला तो मान पाठीकडे वळवून. मग राणीने प्रार्थनाघरातल्या गायकाला पाठवले. तोही राणीचाच म्हणाला. तो आला बेडकासारखा डरावत. तिसऱ्या दिवशी राणीने खंड्यालाच हात जोडले. खंड्या गेला, बुडी मारली, आणि वर आला तो पांढराफटक. सगळा निळा रंग नदीने धुऊन घेतला होता.

तो घाटावर बसून रागाने थरथरत होता. "एक विचारू का, राणीसाहेब? तुमच्या पंथात देवाशी बोलायला मध्ये कोणी लागत नाही म्हणे. मग बापाशी बोलायला तीन तीन जण कसे लागतात?"

राणी खंड्याशेजारी पायरीवर बसली. खरे होते. सभा म्हणत होती की राणीने शत्रूच्या दारी जाऊ नये, आणि राणी सभेच्या आड लपत होती. तिला वडिलांच्या शापाची भीती नव्हती. तिला त्यांच्या चेहऱ्याची भीती होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने पेटी उघडली, राजाकडून ते पत्र मागून घेतले आणि एकटी निघाली. राजाने नाव स्वतः सोडून दिली, वल्हे कसे धरायचे ते दाखवले.

"तुम्ही येईपर्यंत मी गप्प बसेन," तो धापा टाकत म्हणाला. "ते मला जमते."

राणीला हसू आले, आणि लगेच डोळे भरून आले. मधल्या डोहापाशी नाव आपोआप थांबली. राणीने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

"तू कुणाची?" नदीने विचारले.

"चंडकेतूची लेक."

मुद्रा तिच्या तळहातावर आली. थंडगार होती.

वाऱ्याच्या बेटावर चंडकेतू दगडी ओट्यावर बसला होता. म्हातारा झाला होता. एक हात कानावर दाबून धरलेला, आणि मागे करालक शाई उगाळत उभा.

"राणी कशाला आली?" चंडकेतू म्हणाला.

"राणी घरी आहे, आबा. मी ऋजू." तिने मुद्रा त्याच्या पुढ्यात ठेवली.

"तू हसलीस."

"हसले. हसायला सांगितले होते आणि मी ऐकले. तुमच्या उशीपर्यंत हसले, आबा. पुढे हसता आले नाही." तिने कानटोपी काढून मुद्रेशेजारी ठेवली.

"राज्य परत देतेस?"

"नाही. तुरुंग उघडले ते योग्य केले. आजही तेच करीन. पण तुमच्या जागी बसण्याआधी तुमच्यासमोर येऊन तसे सांगायला हवे होते. आले नाही. नंतरही माणसेच पाठवत राहिले. त्याची क्षमा मागते."

चंडकेतूने कानावरचा हात काढला. वारा भणाणत होता. मग त्याने टोपी उचलली आणि डोक्यावर घातली.

"ही बाजू अजून लांबच आहे," तो म्हणाला.

"उसवून नीट करू?"

"नको."

त्याने हात पुढे केला. राणीने पत्र दिले. त्याने त्यावर मुद्रा दाबली आणि म्हटले, "मागे घेतला." शाई वाळून कागदावरून गळून पडली. करालकाने आपल्या दौतीत पाहिले, ती कोरडी ठणठणीत होती. तो दुसऱ्या राजाच्या शोधात निघून गेला.

"गेलेला श्वास परत येणार नाही, ऋजू," चंडकेतू म्हणाला. "ते माझ्या हातात नाही." आणि मुद्रा त्याने तिच्या पदरात टाकली. एकमेकांच्या देवाबद्दल दोघे एक शब्द बोलले नाहीत.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी राणी पोचली. प्रधानाची मान सरळ झाली होती, गायकाला गळा फुटला होता, आणि खंड्या निळ्या अंगाने घाटावर मिरवत होता. राजा गप्प बसला होता, सांगितल्याप्रमाणे. उशी पुन्हा पहिल्याएवढी, आणि राजा पुन्हा तिच्या खांद्याला.

ती शेजारी बसली. बांधाचा कागद पुढे आला. राणीने राजाकडे पाहिले. वडिलांचा शब्द खरा असेल ना? नदीने फसवले नसेल ना?

"आमची आज्ञा," दोघे म्हणाले.

राणीने श्वास रोखून कान लावला. राजाचा श्वास आत गेला, तोकडा, घरघरता. मग बाहेर आला. मग पुन्हा आत गेला. तो खोकला नाही.

लाकूड-माती काठावर रचून माणसे आज्ञेचीच वाट पाहत होती, म्हणून एका दिवसरात्रीत बांध झाला. उधाण आले आणि बांधाला धडकून परत गेले. दोघांनी पुढे पुष्कळ वर्षे राज्य केले, पण प्रत्येक आज्ञेनंतर राणी क्षणभर थांबून नवऱ्याचा श्वास ऐकायची ती ऐकायचीच. दरबाराला वाटले, हा रिवाजच असावा. दरबारीही थांबू लागले. त्या राज्यात आज राजे बदलले, सिंहासन बदलले, पण आज्ञा झाली की सगळा दरबार अजूनही एक श्वासभर गप्प राहतो. का, ते त्यांना सांगता येत नाही. तुम्हाला आता येईल.