शिडाची घसरगाडी

महाराज गेले, पण परत येईनात!

हिवाळगडच्या अख्ख्या दरबाराने हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं. तळं गोठून दगड झालं होतं. त्यावर शिडाची घसरगाडी उभी केली होती: खाली लाकडाच्या दोन लांबलचक पट्ट्या, वर बसायला पाट, मध्ये काठी आणि काठीला शीड. महाराज कीर्तिभान त्यात बसले, वाऱ्याने शीड फुगलं आणि गाडी सूंऽऽ करत पलीकडच्या काठाला पोचली. दरबाराने टाळ्या पिटल्या. मग महाराजांनी गाडी परत फिरवली आणि तिथेच सगळं अडलं. शीड इकडे ओढा, तिकडे ओढा, गाडी आपली आडवी घसरत पुन्हा त्याच काठावर आपटायची! शेवटी मखमली मोजड्या घालून महाराज दीड कोस बर्फ तुडवत परत आले. मिशा गोठल्या होत्या, राग मात्र चांगला तापला होता.

"कुणी केली ही गाडी?"

"हिरदू सुताराने, महाराज!" प्रधान गजाधर लगबगीने म्हणाले.

"टाका त्याला कोठडीत! राजाला नेते आणि आणत नाही, म्हणजे काय? गाडी वाऱ्यावर परत येईल तेव्हाच तो सुटेल!"

गाडी घोड्यांना दोर बांधून ओढत परत आणावी लागली. मग दरबाराने डोकं लढवलं. राजज्योतिषी म्हणाले, पलीकडे दुसरा महाल बांधावा, म्हणजे महाराजांना परत यावंच लागणार नाही. प्रधानांनी तर दुपारनंतर उलटं वाहण्याचा हुकूमच वाऱ्याच्या नावे काढला. तो तळ्याकाठी ढोल वाजवून तीनदा वाचून दाखवला. वाऱ्याने हुकमाचा कागद तेवढा उडवून नेला.

चौथ्या दिवशी हिरदूची मुलगी सुरमी दरबारात येऊन उभी राहिली.

"महाराज, वारा आहे तसाच राहू द्या. मी गाडी नेते आणि परत आणते. आणली तर बाबांना सोडा."

"आणि नाही आणलीस तर?"

"तर कोठडीत माझंही अंथरूण टाका. तसंही घरी एकटीला करमत नाही."

प्रधान फिस्कन हसले. "ऐक पोरी! दोर नाही, घोडा नाही, कुणी ढकलायचं नाही. आणि लोखंडाचा एक खिळासुद्धा मिळणार नाही!"

"चालेल. मुदपाकखान्यातली हाडं मिळतील?"

"हाडं?"

"याकच्या नळ्या. दरबारी मंडळींनी चोखून टाकलेल्या."

अशा रीतीने राज्याच्या कामी येईल असं काहीतरी दरबाराने पहिल्यांदाच दिलं!

सुरमीने नळ्या उभ्या चिरल्या, दगडावर घासून त्यांना धार काढली आणि दोन्ही पट्ट्यांच्या तळाला लांबीभर घट्ट बसवल्या. पट्ट्या रुंदच ठेवल्या, कारण काठाशी भुसभुशीत बर्फ होतं आणि अरुंद पट्टी त्यात रुतून बसली असती. मधल्या टणक बर्फासाठी मात्र ती बोटभर धार हवी होती.

निघताना ती म्हणाली, "महाराज, गाडी कलंडू नये म्हणून एक जड माणूस लागेल." आणि तिने प्रधानांकडे पाहिलं.

"मी? छे छे! माझी कंबर..."

"बसा!" महाराज गरजले.

जाताना काही अवघड नव्हतं. येताना सुरमीने गाडीचं तोंड काठाकडे न धरता भलतीकडेच, तिरकं धरलं.

"वाट चुकली पोरगी!" काठावर हशा पिकला.

थोडं पुढे जाऊन तिने गाडी वळवली आणि दुसरीकडे तिरकी नेली.

"आता तर पारच चुकली!"

पण दर वळणाला गाडी जवळ येत होती. चौथ्या वळणाला प्रधानांचं किंचाळणं स्पष्ट ऐकू येऊ लागलं. सातव्या वळणानंतर गाडी थेट महाराजांच्या पायांशी थांबली. प्रधानांची पगडी पलीकडच्या काठावरच राहिली होती.

महाराज डोळे फाडून बघत राहिले. "अगं, वारा तर समोरून होता!"

"म्हणूनच समोर आले नाही, तिरकी आले. धार बर्फात रुतते, ती गाडीला आडवं घसरू देत नाही. मग गाडीला पुढे ढकलण्यावाचून वाऱ्यालाही काही उरत नाही."

"मग हे शहाणपण तुझ्या बापाला का सुचलं नाही?"

"सुचलं होतं, महाराज! त्यांनी लोखंडाची धार लावली होती. तुम्ही बघायला आलात, पट्टीवरून हात फिरवलात आणि बोट कापून घेतलंत. म्हणालात, 'हे हाताला अडतंय, काढून टाक!' बाबा म्हणाले, 'ही काढली तर परत येता यायचं नाही.' तेव्हा प्रधानजी म्हणाले, 'महाराजांना अडेल असं या राज्यात काही असता कामा नये!' आणि झाडून सगळ्यांनी माना डोलावल्या."

 महाराजांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. मग बोडक्या डोक्याच्या प्रधानांकडे पाहिलं.

"महाराज, मी तर तेव्हाच म्हणणार होतो की..." प्रधानांनी सुरुवात केली.

आणि महाराजांना जे हसू फुटलं, ते आवरेना! पोट धरून, डोळे पुसत ते म्हणाले, "पोरी, आजपासून तुझा बाप राजसुतार! आणि तुला काय हवं ते माग. सोनं माग, जमीन माग!"

"सोनं नको, जमीनही नको. बाबा काम करत असतील तेव्हा महाराजांनी आपले दोन्ही हात बाह्यांत ठेवायचे."

 महाराजांनी तिथल्या तिथे आपल्या लोकरी अंगरख्याच्या लांब बाह्यांत दोन्ही हात खुपसले.

"हे बघ, ठेवले! पण मग तुझ्या बापाच्या सुटकेवर शिक्का कोण मारणार?"

"तेवढ्यापुरता एक काढा, महाराज," सुरमी म्हणाली. "दुसरा आतच राहू द्या!"