टुकीचा दाणा

मुंग्यांची वाट अजून माणसांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली नव्हती, तेव्हाची गोष्ट. चिंचेखालच्या वारुळात टुकी नावाची मुंगी राहायची. वाटेत दोघी भेटल्या की मिशांना मिशा लावून चार शब्द बोलायचे, अशी तिथली रीत होती. टुकीला मात्र वाटे, 'या माझा दाणाच हुंगतात.' म्हणून ती रांग सोडून दगडांआडून एकटीच ये-जा करी.

एकदा ज्वारीचा दाणा ओढत ती घरी आली, तर वारुळात पाणी शिरलेलं आणि आत कुणीच नाही.

"मला टाकून गेल्या. वाटलंच होतं," ती पुटपुटली.

तेवढ्यात म्हातारी गोदामावशी धापा टाकत आली. टुकीनं दाणा पोटाखाली ओढला.

"अगं, केव्हाची शोधतेय तुला. सकाळीच बिऱ्हाड वडाखाली हलवलं. प्रत्येकीनं भेटेल तिला सांगितलं, पण तू कुणापाशी थांबलीच नाहीस. चल, वाट चढाची आहे. दाण्याला हात लावू का?"

'आली दाण्यावर,' टुकीच्या मनात आलंच. पण एका दाण्यासाठी कुणी धाप लागेस्तोवर धावतं का? तिनं दाण्याचं एक टोक मावशीकडे केलं.

वडाखालच्या दारावर एक मुंगी उभी होती. टुकी थांबली आणि तिनं आपणहून मिशा पुढे केल्या.

"आलीस?" ती मुंगी म्हणाली. "तुझी जागा धरून ठेवलीय."