नगाऱ्याच्या आधी जाते

सूर्यकोट राजधानीच्या पूर्वेला, ओढा ओलांडला की निंबखेडे नावाचे चिमुकले गाव लागत असे. त्या गावच्या पारावर श्रीनिवांतनाथ महाराजांचे वास्तव्य होते. खाली घोंगडी, वर लिंबाची सावली आणि येईल तो आपला, एवढाच महाराजांचा दरबार. ओढ्याअलीकडचा दरबार मात्र मोठा थाटाचा! सूर्यकोटचे राजघराणे एकदा परचक्रात देशोधडीला लागले होते. पळताना थोरल्या राजांनी खजिना तसाच टाकला, पण घराण्याचा नगारा बैलावर लादून ते रानात शिरले. पुढे त्यांच्या मुलाने राज्य परत मिळवले, ही नवी राजधानी वसवली आणि तिच्या वेशीवर तो नगारा चढवला. रोज पहाटे तो दुमदुमला की सरदार मंडळी म्हणत, "नगारा वाजतोय तोवर राज्य आहे." आता नातवाचा, म्हणजे तरुण धवलसेन राजांचा, राज्याभिषेक ठरला होता.

नगारखान्याच्या भिंतीलगत ठकूबाई नावाची एक विधवा राहत असे. शहर वसले तेव्हा ती आपले जाते घेऊन इथे आली आणि लोकांची दळणे दळून पोट भरू लागली. तिने एकदा महाराजांना विचारले होते, "महाराज, मला पोथी वाचता येत नाही, जप मोजता येत नाही. माझं कसं व्हायचं?" महाराज हसून म्हणाले होते, "जात्यावर गातेस ना? तेच गा. देवाला तेवढी पूजा पोचते." झाले! तेव्हापासून झुंजुमुंजू व्हायच्या आत तिची ओवी सुरू होई, आणि तिचे दळण सरता सरता वर नगारा वाजे.

नगारखान्याचे दारोगा होते रायाजीराव. माणूस वाईट नव्हता हो, पण मान एवढी ताठ की पायाखालचे काही दिसत नसे. राज्याभिषेकाची धामधूम सुरू झाली, तसे ते एका सकाळी शिपाई घेऊन तिच्या दारात उभे राहिले.

"ए म्हातारे, उद्यापासून हे रडगाणं बंद! राजधानीत पहिला आवाज नगाऱ्याचा. त्याच्याआधी कुणी तोंड उघडायचं नाही."

"साहेब, देवाचं नाव घेते हो मी."

"मग नगारा झाल्यावर घे. देव कुठं पळून जातोय?"

"नगारा होईस्तोवर दळण उरकायला लागतं, साहेब. बायाबापड्यांना भाकऱ्या थापायच्या असतात."

"तर मुक्यानं दळ! तुझा तो पारावरचा गोसावी काय जात्यात येऊन बसलाय? पुन्हा आवाज आला तर जात्यासकट वेशीबाहेर घालीन." शिपाई फिदीफिदी हसले. ठकूबाईने पदर तोंडाला लावला.

उन्हे चढायच्या आत ती निंबखेड्याला पोचली आणि महाराजांपुढे मटकन बसली. "महाराज, जातं गेलं तर पोट गेलं, आणि गाणं गेलं तर देव गेला. सांगा, काय सोडू?"

महाराज म्हणाले, "आधी ताक पी. काही सोडायचं नाही. आज्ञा झालीय ना, मग तोंड मिटून दळ."

"पण महाराज, गाण्याबिगर माझा हात चालत नाही हो!"

"जड चालेल, पण चालेल. आणि हे बघ, राज्याभिषेकाच्या पहाटे मी तुझ्याकडे न्याहारीला येतो. राजवाड्यात नाही हं, तुझ्याकडे."

हे ऐकून त्या माउलीला आनंदही झाला आणि घोरही लागला. घरात तेलाचा थेंब नव्हता!

तो दिवस उजाडायच्या बेतात होता. महाराज बोलल्याप्रमाणे आले आणि भिंतीला टेकून बसले. ठकूबाई ओठ घट्ट मिटून दळत होती. जाते नुसते घरघरत होते आणि तिच्या डोळ्यांतले पाणी पिठात पडत होते. "गोड वाटत नाही हो, महाराज," एवढेच ती म्हणाली. तितक्यात वर नगारची लोक गोळा झाले. टिपरू उचलले गेले, नगाऱ्यावर पडले, आणि आवाजच नाही! उशीवर मारावे तसे झाले. कातडे शेकून पाहिले, वाद्या आवळून पाहिल्या. रायाजीरावांनी स्वतः टिपरू हाती घेऊन घाम निघेपर्यंत बडवले. नगारा आपला गप्प.

खालच्या चौकात सरदार जमले होते. तिथली कुजबुज भिंतीतून ठकूबाईला ऐकू येऊ लागली. "घराण्याचं दैव रुसलं म्हणायचं." "नगाऱ्याशिवाय मुजरा कसला? चला, घोडी काढा." पोराएवढा तो राजा, आणि त्याच्या मंगल दिवशी हे असे अभद्र बोलणे! तिचा हात थांबला.

एवढ्यात दारात रायाजीराव धापा टाकत आले. पागोटे वाकडे झालेले, तोंडचे पाणी पळालेले. समोर महाराजांना पाहून ते जागीच थबकले.

"महाराज, राजांनी विचारलंय की वेशीवर गाणारी ती बाई गेली की काय? ते म्हणाले, 'लहानपणापासून मी तिच्या ओवीनं जागा होतो, नगाऱ्यानं नाही. हल्ली पहाट सुनी वाटते.' मग मी खरं काय ते सांगितलं. तेव्हा म्हणाले, 'आधी जाऊन तिला मोकळी कर, मग माझ्यापुढं ये.'"

ठकूबाई घाबरून म्हणाली, "मला बंदी आहे, साहेब. गायले तर जात्यासकट बाहेर घालाल."

महाराजांना हसू आवरेना. मग ते म्हणाले, "रायाजी, नगारा फुटलेला नाही. थोरल्याच्या आधी धाकट्यानं बोलू नये, एवढी रीत त्याला कळते. तुमची फौज, तुमचे सरदार, सगळे हिच्या पिठावर उठतात आणि मग लढतात. तुम्ही आईला गप्प बसवलंत आणि लेकराला बोल म्हणता!"

रायाजीरावांनी हात जोडले. "मुहूर्त सूर्योदयाचा आहे. तो टळला तर या घराण्यापुढं पुन्हा कुणी वाकणार नाही. चूक माझी आहे, महाराज. तिची शिक्षा राजाला नको."

"हे मला कशाला सांगतोस? तिला सांग."

रायाजीराव वळले. ते कसेबसे म्हणाले, "बाई, गा. राजासाठी गा."

"माझा घसा बसलाय हो इतक्या दिवसांत," असे म्हणत ठकूबाईने महाराजांकडे पाहिले, जात्याला मूठभर ज्वारी घातली, खुंटा धरला आणि सूर लावला:

"मूठ वैरिते जात्यात, नाथा तुमच्या नावानं,
पीठ पडावं मायंदाळ, पोटभर खावं गावानं."

आणि काय सांगावे! ओवीचा शेवटचा शब्द ओठांवर होता, तोच वर नगारा कडाडला! नगारची हात जोडून दूर उभे होते, टिपरू खाली पडलेले होते, आणि नगारा आपला आपण दुमदुमत होता. घोड्यांवर चढलेले सरदार खाली उतरले. सारे शहर जागे झाले, राजवाड्यातून शिंगांचा आवाज आला आणि सूर्याच्या पहिल्या किरणाबरोबर धवलसेन राजे सिंहासनावर बसले. त्या दिवसापासून सूर्यकोटात आधी जाते आणि मग नगारा, अशी रीतच पडली.

रायाजीराव महाराजांचे पाय धरायला धावले. महाराजांनी पाय आखडून घेतले आणि नुसते ठकूबाईकडे बोट केले. तेव्हा त्या ताठ मानेच्या माणसाने पागोटे काढून बाजूला ठेवले आणि त्या म्हातारीपुढे जमिनीवर साष्टांग लोटांगण घातले.

"अगं बाई! उठा, उठा हो साहेब," ठकूबाई गडबडून म्हणाली. "सगळ्या जरीला पीठ लागेल की तुमच्या."

रायाजीरावांनी मान वर केली नाही. ते म्हणाले, "लागू दे, आई."