वर आलेली फरशी

कुत्री नुकतीच सोफ्यावर बसायला लागली होती, त्या काळातली ही गोष्ट. कुमुदताई गुप्त्यांकडे पडवळ नावाचा डॅशहाउंड कुत्रा होता, अंगाने लांबलचक आणि पायांनी जेमतेम. ताई जेवायला बसल्या की तो असे काही केविलवाणे डोळे करायचा, की त्यांची अर्धी तूप-पोळी त्याच्याच पोटात जायची.

एक दिवस चालताना त्याचं पोट जमिनीला घासलं. तो घरातल्या मांजरीला म्हणाला, "ठमे, आपली फरशी वर यायला लागलीय गं."

"माझ्या पोटाला नाही लागत ती," ठमी म्हणाली.

"तुला पोट आहेच कुठे!" असं म्हणत पडवळ सोफ्यावर चढला, त्याने तिथून ऐटीत खाली उडी मारली आणि तो तिथेच पडून राहिला. पाठ धरली होती. मागचे पाय हलेनात.

ताई रडत रडत त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी उड्या बंद केल्या, तूप तोडलं, औषधं दिली आणि उकडलेला दुधी खायला लावला.

हळूहळू पडवळ पुन्हा चालू लागला. ठमीने विचारलं, "काय म्हणतेय फरशी?"

पडवळने ओशाळून आपल्या पोटाखाली पाहिलं.

"गुणाची आहे गं. मी तूप सोडलं, तशी गेली बिचारी आपल्या जागेवर."